वही कुणाची?

लातूरच्या आडत बाजारात सौदा निघाला, की त्या दिवसाचा सोयाबीनचा भाव गावोगावी पोचायला आता घटकाभरही लागत नाही. पूर्वी बाजाराला गेलेली बैलगाडी वेशीत परत येईपर्यंत वाट पाहावी लागे. मग रेडिओवर बाजारभाव येऊ लागले. आता खिशातला फोन वाजतो आणि “आज काय लागलं?” या प्रश्नाला पाराखाली बसल्या बसल्या उत्तर मिळते. हा भाव कुणाच्या मालकीचा, असे मी विचारले तर आपण हसाल. भाव का कुणाच्या मालकीचा असतो? तो बाजारात पुकारला गेला, चार जणांनी ऐकला, संपले.

बरोबर आहे. पण प्रश्न थोडा पुढे नेऊ. समजा, अहमदपूरकडचा एक शेतकरी तुरीचा, सोयाबीनचा, हरभऱ्याचा भाव रोज एका वहीत टिपून ठेवतो. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी किती पाऊस पडला ते लिहितो. तिसऱ्या रकान्यात पेरणी कधी केली, कीड कधी दिसली, रास किती झाली. एक वर्ष नव्हे, दोन वर्षे नव्हे, चांगली पंधरा वर्षे. एके दिवशी एक ओळखीचा माणूस येतो, वही चाळतो, “वा, झकास!” म्हणतो आणि फोनवर तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घेतो. पुढच्या वर्षी तेच आकडे एका चकचकीत पुस्तिकेत छापून विकायला येतात. शेतकऱ्याचे नाव कुठेही नाही. तो म्हणतो, “भाव माझा नव्हता, पाऊसही माझा नव्हता, हे मला कळतं. पण वही तर माझी होती ना?”

आता नांदेडचे एक गुरुजी डोळ्यांपुढे आणा. ते पदार्थविज्ञान शिकवतात. लातूर आणि नांदेड म्हणजे परीक्षेच्या तयारीची गावे; लातूर पॅटर्नचे नाव सगळ्या महाराष्ट्राने ऐकले आहे. सराव, पुन्हा सराव आणि पुन्हा सराव हेच त्याचे गमक. तेव्हा या गुरुजींनी वीस वर्षांत दोन हजार प्रश्न जमवले. काही जुन्या प्रश्नपत्रिकांतले, काही पुस्तकांतले, काही स्वतःचे. सोप्याकडून अवघडाकडे अशी त्यांची मांडणी केली. मुलगा नेमका कुठे घसरतो ते पाहून प्रत्येक प्रश्नाच्या खाली एक ओळ लिहिली. तो गठ्ठा झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि तिथून आठ दिवसांत गावभर झाला.

हे दोघेही जण मी कल्पनेने उभे केले आहेत, पण असे आपल्या ओळखीत निघतीलच. या दोघांनी वकिलाकडे धाव घेतली तर कायदा त्यांना काय सांगेल? हे उत्तर सरळ नाही, आणि गेल्या काही वर्षांत ते बदललेलेही आहे. म्हणून त्याची थोडी तपशिलाने ओळख करून घेऊ.

प्रथम एक पक्के ध्यानात ठेवायचे. घडलेल्या गोष्टीवर, खऱ्या वस्तुस्थितीवर कुणाची मालकी नसते. आषाढी एकादशी कधी हे चंद्र-सूर्याच्या गतीवरून ठरते. ती तारीख एका पंचांगकर्त्याने छापली म्हणून दुसऱ्याला ती छापायची बंदी होत नाही. मात्र दुसऱ्याने आपले गणित आपण करावे, पहिल्याच्या पुस्तकावरून पाने उतरवून काढू नयेत, असा शहाणा रिवाज आहे. कायदासुद्धा बराच काळ नेमके हेच सांगत होता. इंग्लंडात १८६६ साली केली आणि मॉरिस या दोघांचा खटला झाला. प्रकरण लंडन शहरातल्या लोकांच्या नावांच्या आणि पत्त्यांच्या पुस्तकाचे होते. न्यायाधीशांचे म्हणणे असे पडले, की रस्त्यांचे पुस्तक काढायचे असेल तर मैलाचे दगड ज्याने त्याने स्वतः मोजावेत. म्हणजे असे, की नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणाऱ्या रस्त्याचे अंतर कुणाच्याही मालकीचे नाही. मी मोजले तेवढेच तुमचेही भरेल, पण तुम्ही घरी बसून माझ्या वहीतून उतरवायचे नाही. तुम्हीही उन्हात चालायचे.

या विचाराच्या मागे जी भावना आहे ती मराठवाड्याला समजावून सांगायची गरज नाही. हैदराबाद राज्यात १९५० साली कुळकायदा झाला, संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क मिळाले, आणि ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा पुढे घरोघर पोचली. ज्याने घाम गाळला त्याचा हक्क. मग ज्याने माहिती गोळा करायला घाम गाळला त्याची माहिती, हे ओघानेच आले. इंग्रज वकील या मताला घामाचाच सिद्धांत म्हणत. आपला १९५७ चा लेखनहक्काचा कायदा, म्हणजे ज्याला आपण सर्रास कॉपीराइट म्हणतो, त्यातसुद्धा ‘साहित्यकृती’ या शब्दाच्या व्याख्येत कथा-कवितांच्या जोडीला तक्ते आणि संकलने घातलेली आहेत. पुढे काळानुसार दुरुस्त्या झाल्या आणि त्याच व्याख्येत संगणकातले माहितीसंग्रह, ज्यांना डेटाबेस म्हणतात, तेही आले. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने गुरुजींचा प्रश्नांचा गठ्ठा ही साहित्यकृती होऊ शकते. ऐकून गुरुजींनाच नवल वाटेल, पण आहे ते असे.

दिल्ली हायकोर्टाने १९९५ साली एका खटल्यात याचा चांगला दाखला घालून दिला. टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांची नावे-पत्त्यांची यादी खपून तयार केली होती. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या हाती ती यादी लागली आणि त्याने त्याच धंद्यात ती वापरायला घेतली. यादीत ना कल्पनाविलास, ना भाषासौंदर्य. नुसती नावे आणि पत्ते. तरी कोर्टाने म्हटले, की ज्याने वेळ, पैसा आणि श्रम खर्च करून ही यादी उभी केली तिच्यावर त्याचा लेखनहक्क आहे, आणि त्या माणसाला यादी वापरण्यास मनाई केली. तेव्हा आपला शेतकरी १९९५ साली वकिलाकडे गेला असता तर वकील खुशीत म्हणाला असता, “चला, दावा लावू.”

पण तोवर समुद्रापलीकडे वारे फिरले होते, आणि ते फिरवले एका खेडवळ टेलिफोन कंपनीने. हा खटला मला फार आवडतो, म्हणून जरा रमतो.

अमेरिकेत कॅन्सस नावाचे राज्य आहे. गव्हाचा मुलूख, लांबच लांब शेते आणि विरळ वस्ती. तिथे रूरल टेलिफोन सर्व्हिस नावाची एक लहान कंपनी खेड्यापाड्यांना फोन पुरवी. सरकारी नियमाप्रमाणे तिला दर वर्षी आपल्या गिऱ्हाइकांची डिरेक्टरी छापावी लागे : नाव, गाव, फोन नंबर, अकारविल्हे. शेजारी फाइस्ट नावाची दुसरी कंपनी होती. ती मोठ्या प्रदेशाची एकच डिरेक्टरी काढी, म्हणजे लोकांना पाच-पाच पुस्तके चाळायला नकोत. तिने अकरा टेलिफोन कंपन्यांकडे पैसे देऊन नावे मागितली. दहा जणांनी दिली. एकट्या रूरलने नाही म्हटले. फाइस्टने मग न विचारताच नावे उचलली.

चोरी पकडली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. रूरलने आपल्या पुस्तकात काही खोटी माणसे घालून ठेवली होती. जगात नसलेल्या माणसांची नावे आणि नंबर. पाखरे धरायला फासा मांडावा तशी. फाइस्टच्या पुस्तकातल्या ४६,८७८ नोंदींपैकी १,३०९ नोंदी रूरलच्या नोंदींशी तंतोतंत जुळल्या, आणि त्यांत चार खोटी माणसे जशीच्या तशी उतरलेली निघाली. नक्कल झाली याबद्दल शंकाच उरली नाही.

तरीही रूरल हरली! २७ मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितले, की घाम गाळल्याने लेखनहक्क मिळत नाही. लेखनहक्क मिळतो तो स्वतःच्या बुद्धीची काही तरी भर घातल्याने, मग ती भर चिमूटभर का असेना. आता गावातल्या सगळ्या फोनधारकांची नावे घ्यायची आणि ती अकारविल्हे लावायची, यात निवड कोणती आणि मांडणी कोणती? ते कुणीही तसेच केले असते. तेव्हा रूरलच्या पुस्तकातली नावे कुणीही घ्यावीत.

हा निकाल वाचून पुष्कळांना वाईट वाटले, आणि वाटावे असेच त्यात आहे. कष्ट एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने न्यायचे, हे आपल्या मनाला रुचत नाही. पण दुसरी बाजूही पाहा. रूरलचे म्हणणे मान्य केले असते, तर त्या मुलखातल्या माणसांचे फोन नंबर जगाला सांगण्याचा मक्ता एकाच कंपनीच्या हाती गेला असता. ती कंपनी तर नावे आयती मिळवत होती; लोक फोन घ्यायला येत तेव्हा आपण होऊन नावे लिहून देत.

याची चाहूल आपल्याकडे मात्र कितीतरी आधी लागली होती, आणि तीही मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या पुस्तकावरून. शिक्षकांनी हा खटला मुद्दाम ध्यानात ठेवावा. मॅकमिलन कंपनीने प्लुटार्कच्या सिकंदर-चरित्राचे एक शालेय पुस्तक काढले होते. भाषांतर सर टॉमस नॉर्थ यांचे, म्हणजे कित्येक शतकांपूर्वीचे. त्यावर कुणाचाच हक्क उरलेला नव्हता. मॅकमिलनने त्यातले उतारे निवडले, मधल्या फटी चार-दोन शब्दांनी सांधल्या आणि शेवटी मुलांसाठी टिपा जोडल्या. मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी तशाच धर्तीचे पुस्तक काढले. भांडण थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२४ साली छापून आलेल्या त्या निकालात न्यायाधीशांनी पुस्तकाचे दोन भाग केले. नुसते जुने उतारे कापून जोडलेत, त्यात तुमचे असे काही नाही, तेव्हा त्या मजकुरावर हक्क नाही. पण टिपांचे तसे नाही. तिथे अभ्यास आहे, पारख आहे. कुठल्या शब्दाशी मुलगा अडखळेल याचा विचार आहे. टिपांवर मॅकमिलनचा हक्क आहे, आणि तो कूपर यांनी मोडला.

आता आमच्या नांदेडच्या गुरुजींनी प्रत्येक प्रश्नाखाली लिहिलेली ती एक ओळ आठवा.

अखेर हा सवाल आपल्या सुप्रीम कोर्टापुढे आला. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी १९६९ पासून ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ या नावाने निकालांची पुस्तके काढते. वकिलांच्या कपाटात ती हमखास दिसतात. निकाल लिहितात न्यायाधीश, आणि ते कुणालाही छापायला मोकळे आहेत. पण या कंपनीची माणसे त्यांतल्या चुका दुरुस्त करीत, परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देत, कुठला न्यायाधीश बाकीच्यांशी सहमत आहे आणि कुठला नाही ते नोंदवीत, आणि निकालाच्या माथ्यावर सारांश लिहीत. पुढे काही जणांनी निकालांचा संग्रह संगणकाच्या तबकड्यांवर घालून विकायला काढला. कंपनीचे म्हणणे, की हा आमच्याच पुस्तकांतून उचलला. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या नावाने तो खटला ओळखला जातो. निकाल १२ डिसेंबर २००७ चा.

सुप्रीम कोर्टाने मधला रस्ता धरला. नुसते कष्ट आणि पैसा खर्च केला एवढ्याने हक्क मिळणार नाही, असे त्याने स्वच्छ सांगितले. शुद्धलेखन सुधारणे, एखादी तारीख पुरी करणे, स्वल्पविराम जागेवर बसवणे ही मेहनत खरी, पण ती कुणीही जाणत्या माणसाने तशीच केली असती. तेव्हा निकालाचा तो सुधारलेला मजकूर सर्वांना मोकळा. मात्र लांबलचक निकाल वाचून त्याचे अर्थाप्रमाणे परिच्छेद कुठे पाडायचे, आणि कुठले मत बहुमताबरोबर व कुठले विरोधात हे ठरवायचे, याला कायद्याचे ज्ञान आणि पारख लागते. तेवढ्या भागाला संरक्षण दिले. माथ्यावरचे सारांश तर त्यांचे होतेच. म्हणजे मैलाचे दगड मोजले एवढ्याने आता आपल्या देशात भागत नाही. मोजताना डोके किती चालवले, हा प्रश्न कोर्ट विचारते.

तेव्हा पहिल्या शेतकऱ्याला आजचा प्रामाणिक वकील असे म्हणेल : “काका, तुमचे आकडे कुणी घेतले तर लेखनहक्काच्या कायद्याने अडवणं कठीण आहे. तारीखवार भाव आणि तारीखवार पाऊस, ही मांडणी कुणाचीही अशीच होणार.” पण त्याने जर आपल्या पंधरा वर्षांतली निवडक वर्षे घेतली, मृग कोरडा गेलेली वर्षे एका बाजूला आणि परतीच्या पावसाने रास भिजलेली वर्षे दुसऱ्या बाजूला लावली, त्यांवर स्वतःचे शेरे लिहिले, तर चित्र पालटते. आकडे तेच, पण ती मांडणी त्याची. ती कुणी जशीच्या तशी उचलली तर तो कोर्टात उभा राहू शकतो. आणि त्यासाठी कुठल्या कचेरीत नाव नोंदवून यावे लागत नाही. लेखनहक्क वही लिहिल्याबरोबर जन्माला येतो आणि लिहिणाराच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी केली तर पुराव्याला सोय होते, इतकेच.

गुरुजींची बाजू याहून जरा बळकट आहे, तरी तिलाही एक-दोन काटे आहेत. दिल्ली हायकोर्टापुढे २००८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाचा दावा आला. जम्मू-काश्मीर बोर्डाच्या अकरावीच्या गणिताच्या त्यांच्या पुस्तकातले प्रश्न घेऊन दुसऱ्या एका प्रकाशकाने पायरी-पायरीने उत्तरे दिलेले मार्गदर्शक काढले होते. कोर्टाने ऑक्सफर्डला मनाईहुकूम दिला नाही. गणिताचे नियम निसर्गाचे आहेत, त्यांवर बेतलेले ठरावीक प्रश्न ही कुणाची खासगी मिळकत नाही, आणि दुसऱ्याने उत्तरे सोडवून मुलांना काही नवे दिले आहे, असा त्याचा सूर होता. म्हणजे गुरुजी, वेगाचा आणि त्वरणाचा नेहमीचा प्रश्न तुमचा होणार नाही. तुमचा होईल तो प्रश्नांचा क्रम, त्यामागची निवड आणि तुमच्या खालच्या ओळी.

दुसरा काटा अधिक बोचणारा. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून जे लिहिले त्याचा पहिला मालक कायद्याने मालकच, म्हणजे नोकरी देणारा. उलट करार असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा एखाद्या शिकवणी-वर्गात पगारावर असताना, त्या वर्गासाठीच तयार केलेला प्रश्नसंग्रह उद्या नोकरी सोडताना सोबत नेता येईलच असे नाही. तरुण शिक्षकांना माझे सांगणे एवढेच, की नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी हे कलम शोधून वाचा. नसेल तर घालून घ्या. मागाहून रदबदली करण्यात फार दमछाक होते.

आता कुणी विचारील, की मग श्रमाला काहीच किंमत नाही का? युरोपातल्या देशांनी हा प्रश्न मनावर घेतला. मार्च १९९६ मध्ये त्यांनी एक नवाच हक्क निर्माण केला : माहिती मिळवायला, तपासायला किंवा मांडायला ज्याने भरीव खर्च केला त्याला पंधरा वर्षे संरक्षण, मग मांडणीत बुद्धी दिसो वा न दिसो. ऐकायला न्यायाचे वाटते. पण लवकरच पेच पडले. इंग्लंडातल्या घोड्यांच्या शर्यतींची यादी करणाऱ्या मंडळाने पैजा घेणाऱ्या कंपनीवर दावा लावला, तेव्हा युरोपच्या कोर्टाने २००४ साली सांगितले, की शर्यती तुम्हीच ठरवता. स्वतः जन्माला घातलेली माहिती लिहून ठेवण्याचा खर्च यात धरता येत नाही. दुसरीकडची माहिती हुडकून आणण्याचा खर्च तेवढा धरायचा. दुसऱ्याच वर्षी युरोपच्या आयोगाने आपल्याच कायद्याचा आढावा घेतला, आणि या हक्कामुळे माहितीसंग्रहांची पैदास वाढली असे काही सिद्ध होत नाही, अशी कबुली दिली. आपल्या देशाने असा वेगळा हक्क केलेला नाही. माझे मत विचाराल तर तो घाईने करूही नये. आज लातूरच्या बाजाराचे भाव, हवामानाचे आकडे, जमिनीच्या नोंदी जो पहिल्यांदा पैसे ओतून गोळा करील त्याला पंधरा वर्षांचे कुलूप मिळाले, तर ते कुलूप आपल्या शेतकऱ्याच्या हाती येणार नाही हे उघड आहे. पंधरा वर्षे वही लिहिणाऱ्यापेक्षा पंधरा दिवसांत दहा हजार वह्या विकत घेणारा त्यात पुढे जाईल.

तोवर वहीवाल्याने करायचे काय? दोन वाटा आहेत, आणि त्या लेखनहक्काच्या बाहेरच्या आहेत. एक कराराची. वही देताना दोन ओळी लिहून घ्या : कशासाठी घेतली, छापली तर नाव घालणार का, दुसऱ्याला देणार का. त्याखाली दोघांच्या सह्या. ज्याला आकडे हवे आहेत तो सही करायला सहसा कुरकुरत नाही. कुरकुरला तर तेवढ्यावरून काय ते समजावे. दुसरी वाट २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याची. संग्रह संगणकात असेल आणि मालकाच्या परवानगीवाचून कुणी तो उतरवून घेतला, तर त्या कायद्याच्या त्रेचाळिसाव्या कलमाखाली नुकसानभरपाई मागता येते. तिथे मांडणीत बुद्धी होती की नाही हे कुणी विचारत नाही. कागदी वहीला मात्र हे कलम लागू नाही.

इथपर्यंत आपण एकट्या माणसाच्या वहीचे बोललो. आता गावाच्या वहीचे बोलू, कारण तशी एक वही आपल्या ग्रामपंचायतीत असली पाहिजे आणि पुष्कळांना तिचा पत्ता नसतो. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने एक समिती नेमायची, आणि त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची : गावात कुठली झाडे, कुठले वाण, कुठली जनावरे, कुठली कंदमुळे, त्यांचा उपयोग काय आणि तो कुणाला माहीत आहे. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ही कल्पना आग्रहाने मांडली होती. हा गावाचा माहितीसंग्रहच आहे. पण याचा हेतू वेगळा. गुरुजींचा गठ्ठा विकायला असतो. ही वही असते ती दुसऱ्याने आपले म्हणून विकू नये यासाठी.

याचे मर्म हळदीच्या गोष्टीत आहे. वसमत, हिंगोली, नांदेड हा सगळा पट्टा हळदीचा. वसमतच्या हळदीला तर २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जखमेवर हळद दाबायची हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले! आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिले. आता अमेरिकेतल्या कचेरीला “आमच्या आजीला माहीत होतं” असे सांगून चालत नाही. लेखी पुरावा लागतो. परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या भारतीय वैद्यक नियतकालिकातल्या एका निबंधापर्यंत कागद पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द ठरले.

त्यातून धडा घेऊन २००१ साली सरकारने पारंपरिक ज्ञानाचे एक मोठे भांडार संगणकावर उभारायला घेतले. जुन्या वैद्यकग्रंथांतले पाठ त्यात परदेशी पेटंट-परीक्षकांना वाचता येतील अशा भाषांत घातले आहेत. गंमत अशी, की त्यातला एकेक पाठ जुन्या ग्रंथांतला, म्हणजे कुणाच्याच लेखनहक्कातला नाही. तेव्हा त्या भांडाराचे रक्षण झाले ते मुख्यतः दार बंद ठेवून. पेटंट कचेऱ्यांशी करार करायचा, तपासणीपुरते वाचू द्यायचे, बाहेर न्यायचे नाही. २०२२ साली सरकारने हे दार इतरांसाठीही किलकिले करायला मंजुरी दिली. देशाने आपल्या सर्वांत मोठ्या वहीसाठी जी वाट धरली ती आमच्या शेतकऱ्याला सुचवलेलीच : दोन ओळींचा करार आणि सह्या.

गावच्या नोंदवहीलाही हाच विचार लागू पडतो. एखाद्या वैदूने सांगितलेली मुळी वहीत लिहिली, की ती चव्हाट्यावर आली असे होऊ नये. त्याला नको असेल ते गुप्त ठेवण्याची मुभा आहे, आणि ती त्याला आधी सांगितली पाहिजे. खुद्द २००२ च्या कायद्याच्या छत्तिसाव्या कलमात स्थानिक लोकांच्या ज्ञानाच्या रक्षणासाठी वेगळी खास व्यवस्था करण्याचा उल्लेख आहे. उलट जे जपायचे आणि जगाला सांगायचेही आहे, ते ठसठशीत लिहावे. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली मानांकन मिळाले. अशा मानांकनाच्या अर्जाला पीक त्या मातीतले आणि जुने आहे याचा पुरावा जोडावा लागतो, आणि पुरावा म्हणजे कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला कागद.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. ही कामे वर्षानुवर्षे रेंगाळली. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि पुढे दर महिन्याला प्रत्येक राज्याला दहा लाख रुपयांचा भुर्दंड सांगितला. तेव्हा देशभर नोंदवह्यांची एकच घाई उडाली. घाईत काय होते ते आपण जाणतो. शाळेतली मुलेसुद्धा तास भरत आला की शेजारच्याच्या पाटीवरून उतरवतात. म्हणून एकदा ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावची नोंदवही मागा आणि चाळून पाहा. शिक्षक असाल तर सातवी-आठवीची मुले बरोबर न्या. आपल्या शिवारातला ओढा तिच्यात आहे का? म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेले ज्वारीचे जुने वाण आहेत का? की आपल्या हद्दीत नसलेल्या नदीतले मासे लिहिले आहेत? कॅन्ससच्या पुस्तकात चार खोटी माणसे निघाली तशी एखाद्या वहीत न उगवणारी झाडे निघाली, तर ती कुठून आली हे सांगायला न्यायाधीश नको.

तशी ती निघाली तरी पाने बदलता येतात. कायद्याने ही नोंदवही एकदा लिहून कपाटात घालायची नाही. समितीने ती वेळोवेळी भरत आणि दुरुस्त करीत जायची आहे. माहिती कुणी सांगितली त्याचे नाव त्याच्या संमतीने लिहायचे, दिवस आणि साल घालायचे, आणि खाली समितीची सही घ्यायची.